वजन उतरवायचंय, पण पेला पालथा घालायचा नाही

अर्धापेला

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, "दारू सोडून द्या" हा सल्ला मला माहीत आहे. तो वगळून बाकीचे सगळे हवेत.

परिस्थिती अशी. वजन कमी करायला घेतलं, सुरुवातीला छान उतरलं आणि आता काटा एका जागी ठाण मांडून बसलाय. खाण्याची नोंद ॲपमध्ये इमानेइतबारे करतो. चालणं आहे, जिम आहे. पिणं म्हणाल तर आठवड्यातून एक बैठक, तीही दोन पेगांची, क्वचित तिसरा. व्हिस्की आणि साधा सोडा. कोला नाही, सरबत नाही, म्हणजे साखर शून्य. ॲपच्या मते त्या दिवशीचा हिशोबसुद्धा मर्यादेतच बसतो. मग गाडं अडलंय कुठे? दारूत असं काही असतं का, जे कॅलरीच्या आकड्यात दिसत नाही?

बैठक मला मित्रांसाठी हवी असते, नशेसाठी नाही. (हे सगळेच म्हणतात, ठाऊक आहे.)

कोरडेपाषाण

सोडून द्या.

रातकिडा

हा हा, पहिलाच प्रतिसाद! जागा धरून बसलोय.

माझापण एक प्रश्न यातच घुसडतो. बिअरने पोट सुटतं, व्हिस्की-व्होडकाने नाही, हे खरं आहे का? आमच्या कंपूत एक जण याच तत्त्वावर व्होडका पितो. त्याचं पोट बघता तत्त्वात काहीतरी खोट असावी.

मापाडी

दोघांना एकत्रच उत्तर देतो.

शुद्ध अल्कोहोलच्या एका ग्रॅममागे ७ कॅलरी मिळतात. कर्बोदकांना ४, प्रथिनांना ४ आणि स्निग्धाला ९. म्हणजे अर्धापेला, तुमची "साखर शून्य" अगदी बरोबर, पण साखर नसली म्हणून ऊर्जा नाही असं होत नाही. उलट साखरेपेक्षा ती जास्तच आहे.

गणित सोपं आहे. किती मिली, त्यात अल्कोहोल किती टक्के, आणि गुणिले ०.७८९ (अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून). ४० टक्क्यांची ६० मिली घेतली तर साधारण १९ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १३०च्या वर थोड्या कॅलरी. मग ती व्हिस्की असो, रम, जिन किंवा व्होडका. रंग, किंमत, किती वर्षं पिंपात मुरली, याचा इथे काही संबंध नाही.

आता बिअर. ५ टक्क्यांचा ३३० मिलीचा कॅन घ्या. १३ ग्रॅम अल्कोहोलच्या ९० कॅलरी, वर माल्टमधून उरलेल्या कर्बोदकांच्या ४०-५०. झाले १४०च्या आसपास. म्हणजे एक छोटा कॅन आणि ६० मिली व्हिस्की जवळजवळ सारखेच. बिअरवाल्याचं पोट सुटतं ते एका बैठकीत तो किती कॅन रिचवतो त्यामुळे. रातकिडा, तुमच्या मित्राला हे दाखवू नका, मैत्री तुटेल.

वाइनचा १५० मिलीचा पेला १२०-१२५. गोड लिक्युर आणि कॉकटेलमध्ये साखर वेगळी मोजायची. आणि टॉनिक वॉटर! नाव पाण्याचं, पण साध्या टॉनिकच्या २०० मिलीत ७०च्या आसपास कॅलरी साखरेच्याच असतात. त्याला सोडा समजून पिणारे खूप पाहिलेत.

खरी गोम पुढे आहे. ६० मिली मोजतं कोण? घरी बाटली वाकडी केली, बर्फाच्या खड्यांच्या वरपर्यंत आलं की झाला पेग. एकदा नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखं पाणी ओता आणि मग ते मापात ओतून बघा. ९० निघालं तर आश्चर्य नको. ९० म्हणजे २०० कॅलरी. शिवाय ॲपमधला "१ पेग" म्हणजे ३० मिली धरलाय की ६०, हे कधी उघडून पाहिलंय का?

बाटलीवरही मदत मिळत नाही. बऱ्याच देशांत दारूवर कॅलरी छापायचं बंधन नाही. युरोपीय संघात तर नियमातच सूट आहे: अल्कोहोल १.२ टक्क्यांहून जास्त असेल तर पोषणमूल्यांचा तक्ता छापला नाही तरी चालतं. वाइनला तेवढी डिसेंबर २०२३पासून ऊर्जा दाखवावी लागते. बिस्किटाच्या पुड्यावर सगळं असतं, हे मला कायम गमतीशीर वाटत आलंय.

अवांतर: दारू शरीरात इंधन म्हणून जळते हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने माणसांना बंद खोलीत ठेवून, त्यांची उष्णता मोजून दाखवलं. त्यावर दारूबंदीवाले त्याच्यावर भयंकर खवळले होते. तेव्हा अशा धाग्यांवरची भांडणं सव्वाशे वर्षं जुनी आहेत.

अर्धापेला

मापाडी, _/\_. माप काढून बघतो. ॲपमध्ये "व्हिस्की, १ पेग" एवढंच लिहिलंय, आणि आकडा ३० मिलीचा वाटतोय.

पण समजा ९० मिलीचेच दोन धरले तरी फरक किती, तीनशेच्या खाली. आठवड्यातून एकदा. त्याने काटा कसा अडेल?

यकृतप्रेमी

मी डॉक्टर नाही, जीवरसायनशास्त्र शिकवते. तुमचा पहिला प्रश्न, आकड्यात न दिसणारं काही असतं का, त्यावर लिहिते. थोडं लांबेल.

साखर जास्त झाली तर शरीर ती यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून ठेवतं. चरबीसाठी कोठार आहेच. अल्कोहोल ठेवायला मात्र कुठेच जागा नाही. त्यामुळे ते रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसतं आणि यकृताला आधी त्याचाच निकाल लावावा लागतो. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी, म्हणून त्याचं लगेच ॲसिटेट केलं जातं. हे ॲसिटेट यकृतातून रक्तात सुटतं आणि स्नायू वगैरे ते इंधन म्हणून जाळतात. तेवढा वेळ चरबीचा नंबर मागे जातो.

किती मागे? १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा पण नेटका प्रयोग आहे. आठ पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिलं, व्होडका आणि बिनसाखरेचं लिंबूपेय. पुढचे काही तास त्यांच्या शरीरात चरबी जळण्याचं प्रमाण ७३ टक्क्यांनी घटलं. हा आकडा वजनाच्या प्रत्येक चर्चेत फेकला जातो. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. त्या अल्कोहोलपैकी चरबीत रूपांतर झालं ते पाच टक्क्यांच्याही खाली. म्हणजे "दारूची चरबी होते" हे एवढ्या प्रमाणात घेतलेल्या दारूला तरी फारसं लागू नाही.

आता मेख. चरबी जळायची थांबते हे ऐकून लोक घाबरतात, "दोन पेगांनी आठवड्याची मेहनत पाण्यात" वगैरे. तसं नसतं. अल्कोहोल तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने निकालात निघतं. मापाडींच्या ६० मिलीला दोन-अडीच तास. ते संपलं की चरबीचा नंबर पुन्हा लागतो, आणि दिवसाची एकूण आवक-जावक जुळत असेल तर काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या दोन-अडीच तासांत ताटात जे येतं त्याने. त्या खाण्यातलं तेल-तूप त्या वेळी जळत नाही, साठतं.

तेव्हा अर्धापेला, तुमच्या पेल्यात छुपं असं काही नाही. पेल्याशेजारच्या बशीत काय असतं, ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

रातकिडा

धागाकर्ते गायब! चखण्याचा विषय निघाला की सगळ्यांचं नेटवर्क जातं.

अर्धापेला

गायब नाही, इथेच आहे. शेंगदाणे असतात. आणि काय असेल ते. तो हिशोब अंदाजाने टाकतो.

सावलीतली

अंदाजाने म्हणजे कधी? दुसऱ्या पेल्याच्या आधी की नंतर?

चिडवत नाहीये. मी स्वतः वजन उतरवलंय आणि वाइन सोडलेली नाही, म्हणून विचारते. खाऱ्या शेंगदाण्यांची एक मूठ, ३० ग्रॅम, म्हणजे १७०-१८० कॅलरी. गप्पांच्या भरात मुठी कोण मोजतं? मग मुख्य जेवण, ते नेहमीपेक्षा दीडपट, कारण पिऊन भूक खवळते. आणि घरी आल्यावर रात्री फ्रिज उघडून जे होतं ते तर कुठल्याच ॲपला कळत नाही. पेल्यात चारशे कॅलरी असतील, पण अख्खी संध्याकाळ हजार-बाराशेची जादा होते. तुम्ही रोज पाचशेची तूट ठेवत असाल तर दोन दिवसांची तूट एका संध्याकाळी फिटली. वर उरलेल्या दिवसांतले छोटे अंदाज चुकले की काटा हलणारच नाही.

आणि ही भूक म्हणजे मनाचा कमकुवतपणा आहे असं समजू नका. २०१७ साली उंदरांवरचा एक अभ्यास आला होता. ज्या चेतापेशी उपासमारीत चेतवल्या जातात, त्याच अल्कोहोलने चेतवल्या गेल्या. पोट भरल्याचा निरोप द्यायच्या ऐवजी या कॅलरी भुकेचा निरोप देतात. घन पदार्थातून दोनशे कॅलरी गेल्या की पुढच्या जेवणात आपण नकळत थोडं कमी खातो. पेल्यातून गेल्या तर तेवढंही होत नाही.

मी काय करते ते सांगते. जेवण आधी, पेला नंतर किंवा जेवणासोबत. पेल्यानंतर जेवण, कधीच नाही. बाहेर असले तर काय खायचं ते पहिला घोट घ्यायच्या आधी ठरवून, ऑर्डर देऊन मोकळी होते. कारण निर्णय घेणारी मी आणि दोन पेल्यांनंतरची मी या दोघींचं फारसं पटत नाही. दुसरं, प्रत्येक पेल्यानंतर तेवढंच पाणी. याने दारू पातळ होते म्हणून नाही, हाताला काहीतरी धरायला मिळतं म्हणून.

आणि बायकांनी इथल्या पुरुषांच्या मापांवर जाऊ नये. आपल्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढते. वजन सारखं असलं तरीही.

मापाडी

+१. "पेल्यानंतर जेवण, कधीच नाही" हे भिंतीवर लावण्यासारखं आहे.

रातकिडा

मग याच्या उलट केलं तर? दिवसभर काही खायचं नाही, सगळ्या कॅलरी रात्रीसाठी राखून ठेवायच्या. हिशोब तर जुळला ना?

यकृतप्रेमी

कागदावर जुळला. शरीरात तीन ठिकाणी फसतो.

रिकाम्या पोटी अल्कोहोल पटकन लहान आतड्यात उतरतं आणि तिथे झपाट्याने शोषलं जातं. पोटात अन्न असेल तर ते आधी जठरात थांबतं. तेव्हा तेच दोन पेग उपाशीपोटी जास्त चढतात, आणि मग सावलीतली म्हणाल्या ती "दुसरी मी" लवकर हजर होते. दिवसभराची भूक आहेच साथीला.

दुसरं जास्त गंभीर आहे. उपाशी असताना रक्तातली साखर टिकवायचं काम यकृत करतं. आधी साठ्यातलं ग्लायकोजेन वापरून, ते संपलं की नवीन ग्लुकोज तयार करून. अल्कोहोलचा निकाल लावताना नेमकी ही नवीन ग्लुकोज तयार करायची वाटच तुंबते. निरोगी माणसाचीही दीर्घ उपासानंतर दारूने साखर उतरू शकते, आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर त्याचा खरा धोका असतो. त्यात साखर उतरल्याची लक्षणं, अडखळतं बोलणं, घाम, तोल जाणं, ही प्यायल्यासारखीच दिसतात. आजूबाजूच्यांना वाटतं चढली आहे, झोपू द्या.

कीटो किंवा अगदी कमी कर्बोदकांचा आहार असणाऱ्यांचा ग्लायकोजेनचा साठा आधीच कमी असतो, त्यांनी हे नीट वाचावं. मेटफॉर्मिन (हेही मधुमेहाचंच औषध) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आपलं पिण्याचं प्रमाण खरं खरं सांगावं. आणि वजनासाठी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांना इथलं कुठलंच माप लागू नाही. त्यांना थोडीशीही लवकर चढते, आणि शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांत दारूचं व्यसन लागण्याचं प्रमाणही त्यांच्यात वाढलेलं आढळतं.

तिसरं, दिवसभर उपाशी राहिलात तर त्या दिवशीची प्रथिनं बुडाली. वजन उतरताना स्नायू टिकवायचे तर ती रोज हवीत.

लोखंडउचल्या

प्रथिनांचा विषय निघालाच आहे तर. जिममध्ये सगळे ज्या ऑस्ट्रेलियन अभ्यासाने घाबरवतात तो २०१४चा. व्यायामानंतर दारू दिली, तर स्नायूंची बांधणी प्रथिनं घेऊनही २४ टक्क्यांनी कमी झाली. खरं आहे. पण दारू किती दिली होती? वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅम. ८० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे मापाडींच्या हिशोबाने ६० मिलीचे सहाच्या वर पेग. दोन पेगांवर तो आकडा चिकटवणं बरोबर नाही. तरी मी पायांच्या व्यायामाच्या दिवशी घेत नाही. ते शास्त्र नाही, भीती आहे.

झोपेचं मात्र दोन पेगांनाही जाणवतं. झोप पटकन लागते, पहाटे तीन-चारला डोळे टक्क उघडे. रात्रीचा पूर्वार्ध गाढ, उत्तरार्ध तुकड्यातुकड्यांचा. दुसऱ्या दिवशी व्यायाम बुडतो आणि दिवसभर काहीतरी चरावंसं वाटतं. ॲपमध्ये हे दारूच्या नावे पडत नाही, दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जातं. झोपायच्या तीन-चार तास आधी शेवटचा घोट संपवा.

जुनाजाणता

एक बारीकशी गोष्ट कोणी लिहिली नाही. दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहू नये.

दारूने लघवी रोखणारं संप्रेरक दबतं, त्यामुळे रात्रभर पाणी निघून जातं. सकाळी वजन कमी भरतं आणि माणूस खूश. "बघा, काही होत नाही!" मग खारट चखण्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं, आणि एक-दोन दिवसांनी तोच काटा किलोभर वर. आता माणूस खचतो आणि जेवण बंद करतो. दोन्ही वेळा चरबीचा काही संबंध नव्हता. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, त्या एका रात्रीत जात नाहीत आणि येतही नाहीत. वजन रोज करा, पण बघा आठवड्याची सरासरी. आणि कमरेला टेप लावा.

अर्धापेला, "काटा अडलाय" हे तुम्ही कुठल्या वाराच्या वजनावरून म्हणताय?

अर्धापेला

रविवारच्या. बैठक शनिवारी.

रातकिडा

:D :D

कोरडेपाषाण

मघाशी दोनच शब्द लिहिले म्हणून काही जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून झापलं. आता सविस्तर लिहितो.

तुम्ही सगळे मापात पिण्याचं शास्त्र छान मांडताय. पण माप वजनाचं चाललंय, जिवाचं कोण मोजणार? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट म्हटलंय की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कुठलंच प्रमाण सांगता येत नाही. कर्करोगकारक म्हणून तिची नोंद १९८८पासून आहे, तंबाखू ज्या पहिल्या गटात (ज्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध झालंय त्यांचा) आहे त्याच गटात. "थोडी वाइन हृदयाला चांगली" हे ज्या जुन्या अभ्यासांवरून आलं, त्यांतल्या अनेकांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही धरली होती. साहजिकच तो गट जास्त आजारी निघाला.

आणि वजन जास्त असलेल्यांचं यकृत आधीच चरबीने भरलेलं असू शकतं. त्यावर दारू म्हणजे दोन्हींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. धागाकर्त्यांनी यकृताची तपासणी केली आहे का? ती न करता माप ठरवणं मला उलटं वाटतं.

मी पीत नाही, त्यामुळे मला सोपं आहे, हे मान्य.

यकृतप्रेमी

कोरडेपाषाण यांच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. वजनासाठी चालेल असं प्रमाण आणि आरोग्यासाठी निर्धोक प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे पहिलीवर चर्चा चालू आहे, दुसरीला कोणी हिरवा कंदील दाखवलेला नाही. फॅटी लिव्हर निघालं तर माझंही उत्तर "सोडून द्या" हेच असेल.

सावलीतली

आणि दोनवर थांबायचं ठरवून दर वेळी चार होत असतील तर प्रश्न वजनाचा उरलेलाच नाही. त्यासाठी वेगळी मदत मिळते, ती घ्यावी. मापात पिणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. ज्याला जमत नाही त्याला शून्य जास्त सोपं जातं.

अर्धापेला

सगळ्यांचे आभार, कोरडेपाषाण तुमचेही. माप काढलं. माझा "६० मिली" ८५ निघाला.

पुढचा बेत असा. माप वापरून दोन, तिसरा नाही. जेवण आधी. बशीत जे येईल ते आधीच काढून ठेवायचं, पुडा टेबलावर ठेवायचा नाही. वजनाची आठवड्याची सरासरी. यकृताच्या तपासणीची वेळ घेतो.

एक शेवटचं: अल्कोहोल नसलेली बिअर चालेल का? निदान हातात काहीतरी राहील.

मापाडी

चालेल, पण डबा फिरवून बघा. १०० मिलीला साधारण २० ते ३० कॅलरी, ब्रँडनुसार कमी-जास्त. अल्कोहोल काढलं तरी माल्टची साखर राहते, काहींत तर चवीसाठी वाढवलेली असते. "०.०" लिहिलेलं आणि "०.५ टक्क्यांपर्यंत" लिहिलेलं हे दोन वेगळे प्रकार आहेत, औषधं चालू असतील तर तेही बघा. यावर निदान पोषणाचा तक्ता बहुतेक वेळा छापलेला मिळतो.

रातकिडा

आमच्या व्होडकावाल्याला हा धागा पाठवला. उत्तर आलं, "वाचतो, आधी बसू."